केशकालचा उतार आणि 'एल'

रायपूर सपाट. शंकरनगरहून टाटीबंधला जा, उड्डाणपुलांखेरीज चढ म्हणून लागत नाही. त्यामुळे माझ्याकडे ऑटोमॅटिक शिकायला येणारी मंडळी (चौबे कॉलनीतले निवृत्त काका-काकू त्यात बरेच) लिव्हर एकदा 'डी'वर टाकतात आणि पुन्हा त्याला हात लावत नाहीत. "यात गिअर टाकायचेच नसतात ना?" हा प्रश्न ठरलेला. शहरापुरतं ते खरंही आहे. पण हीच माणसं पुढे चित्रकोटचा धबधबा बघायला निघतात आणि कांकेर मागे पडलं की केशकालचा घाट येतो. जाताना चढ. उतार लागतो तो परतताना, अंग आंबलेलं आणि घरची ओढ लागलेली असताना.

ट्रकवाल्यांचा जुना नियम आहे: ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिकवाल्याला आपण कुठल्या गिअरमध्ये चढलो हेच ठाऊक नसतं! उतारावर रेस सोडली की बऱ्याच गाड्या समजतात, आता जोर नको, आणि वरचा गिअर घेतात. काही नव्या गाड्या उतार ओळखतात, पण आपली त्यातली आहे असं धरून चालू नये. वरच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला फारसं धरत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. पाय सतत दाबलेला राहिला की आधी जळका वास येतो. ब्रेक ऑइल उकळलं तर त्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडून खाली जातं. बदलायचं राहून गेलेलं, ओल धरलेलं ऑइल लवकर उकळतं.

म्हणून उतार सुरू होण्याआधीच, सरळ रस्त्यावर, ब्रेकने वेग उतरवायचा आणि मग लिव्हर 'एल'वर (म्हणजे खालचा गिअर), नाहीतर 'एम'वर (गिअर आपल्या हाताने) नेऊन मायनस, म्हणजे एक गिअर खाली. मायनस काही गाड्यांत पुढे ढकलून पडतो, काहींत मागे ओढून. ते घरी उभ्या गाडीत बघून ठेवावं. इंजिनचा आवाज चढतो. "काही तुटलं का हो?" काकू दचकतात. काही तुटत नाही. आरपीएमचा काटा लाल पट्ट्याच्या बराच खाली आहे ना, एवढं बघा. पावसात मात्र एकदम खालचा गिअर नको, चाकं घसरतात. न्यूट्रल तर उतारावर कधीच नाही.

इंजिनने वेग कमी होताना मागचा दिवा लागत नाही. मागे ट्रक असेल तर ब्रेकला हलकेच पाय लावून त्याला कळू द्या. घाटात तेलीन सतीच्या देवळापुढे हात जोडायला गाड्या थांबतात. श्रद्धेचं ज्याचं त्याने बघावं, ब्रेकनाही तेवढी उसंत मिळते. आणि समोरून लादलेला ट्रक चढत असेल तर वाट त्याची. नियमही तेच सांगतो. तो एकदा थांबला तर पुन्हा उचलताना त्याचा जीव निघतो. खालच्या गिअरमध्ये सावकाश उतरणाऱ्या तुम्हाला थांबायला जरासा ब्रेक पुरतो.