जोडाखालची फूट

परसातल्या हापूसच्या कलमाला रायवळ आंबे धरले, तेव्हा मी सगळा दोष रोपवाटिकेवाल्याला दिला. हापूसचे पैसे घेतले आणि रायवळ गळ्यात मारलं, असं शेजारीपाजारी आणि नात्यागोत्यात सांगत राहिले. आमच्या चिपळूणकडे आंब्याची गोष्ट एका घरात राहत नाही. त्याच्या कानावर ती गेलीच असणार. त्याची काहीच चूक नव्हती. त्याने दिलेलं कलम अस्सल हापूसचंच होतं. त्यातला हापूस माझ्या हातून मेला आणि मला ते कळलंसुद्धा नाही.

कलमाच्या खाली रायवळ कोयीपासून उगवलेला खुंट असतो आणि वर हापूसची काडी. कोयकलम करताना कोवळ्या रोपाचा शेंडा छाटतात, खुंटाला उभी चीर देतात, पाचरीसारखी तासलेली काडी तिच्यात बसवतात आणि प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळतात. जोड एकजीव होतो, पण जोडाच्या वर जे फुटेल ते हापूस आणि खाली फुटेल ते रायवळ, हा हिशेब झाड मरेपर्यंत बदलत नाही. खुंट मुळाशी जवळ आणि अंगाने दांडगा. त्याची फूट वेळेवर काढली नाही, तर ती अन्नपाणी आपल्याकडे ओढते आणि वरची काडी उपाशी पडते. हे सगळं मी वाचलेलं होतं. वाचलेलं असूनही दर वर्षी जून महिन्यात कलमाच्या बुंध्याशी माती आणि शेणखताची भर घालत गेले. मायेने घालत होते. त्या भरीखाली जोड कधी गाडला गेला, हे पाहिलं नाही. खरं तर आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळं खोडाला चिकटून नसतातच; ती फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात आणि खताचा चर तिथेच काढायचा असतो. बुंधा मोकळा हवा.

मग एका उन्हाळ्यात, पाण्याची काही सोय न करता, मी लेकीकडे पुण्याला राहिले. जांभ्याच्या मातीत पाणी ठरत नाही आणि लहान कलमाला पहिली काही वर्षं उन्हाळ्यात पाणी लागतंच. परत आले तर शेंडा करपलेला, पानं हातात चुरगळत होती. पावसाच्या पहिल्या सरी झाल्या आणि बुंध्यातून एक सरळसोट, तांबूस पालवीची फूट वर आली. मला इतका आनंद झाला! झाड वाचलं म्हणून मी तिला बांबूचा आधार दिला, सुतळीने सैलसर बांधलं. शेजारी वाळत चाललेली मूळची काडी मीच कोयत्याने छाटली, नव्या फुटीला जागा व्हावी म्हणून. त्या काडीत अजून ओल होती. कापलेल्या जागी चीक आला होता, तो मला आजही आठवतो. तळाची फूट तेव्हाच खुडून टाकली असती आणि काडीला पाणी दिलं असतं, तर कदाचित हापूस तगला असता.

पुढे झाड जोमाने वाढलं, पण वर्षं गेली तरी मोहोर नाही. कोयीचं झाड कलमापेक्षा पुष्कळ उशिरा धरतं, एवढ्यावरून तरी मला शंका यायला हवी होती. उलट मी स्वयंपाकघराच्या मोरीचं पाणी पन्हळीने झाडाकडे वळवलं आणि दसऱ्यानंतरही युरिया टाकला. आंब्याला पावसाळा संपल्यावर थोडा ताण हवा असतो. पालवी जून झाली आणि थंडी पडली की तिच्या टोकांना मोहोर येतो. ओल आणि नत्र मिळत राहिलं, तर झाड पुन्हा पालवीच काढतं. थंडीत माझं झाड नुसतं हिरवंगार दिसायचं आणि मी कौतुक करत बसायचे.

शेवटी मोहोर आला, फळं धरली, आणि ती निघाली लहान, दोऱ्यांनी भरलेली. कलमं बांधणारे अण्णा शेजारी आले होते, त्यांना हाक मारली. त्यांनी फळाकडे पाहिलंच नाही. उकिडवे बसून बुंध्याची माती हाताने उकरली, तेव्हा वीतभर खाली एक वाळका, काळा पडलेला खुंटारा दिसला.

"वहिनी, ह्यो तुमचा हापूस. वर वाढलाय तो खुंट."

मी रोपवाटिकेत जाऊन त्या माणसाला सगळं सांगितलं. ज्यांच्याकडे त्याची बदनामी केली होती, त्यांतल्या जेवढ्यांना गाठता आलं त्यांनाही सांगितलं. काही माणसं आता हयात नाहीत.

झाड मी तोडलं नाही. अण्णांनी निम्म्या फांद्या छाटल्या, त्यांना आलेल्या कोवळ्या फुटींवर पाचर कलमं बांधली. काड्यांची पानं देठ ठेवून आठवडाभर आधीच कापली होती, म्हणजे डोळे फुगतात. काही काड्या हापूसच्या घेतल्या, काही रत्नाच्या. रत्ना ही दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून काढलेली जात. हापूसच्या गरात पडतो तो साका तिच्यात होत नाही. सगळी कलमं जगली नाहीत, पण जगली ती चांगली वाढताहेत. एक फांदी रायवळच ठेवली आहे. कोयाडं रायवळाचंच चांगलं होतं. आता जोडाखालची फूट दिसली की त्याच दिवशी खुडते.

तुमच्या परसात कलम असेल, तर आजच बुंध्याची माती बाजूला करा आणि जोड शोधा. पट्टी राहिली असेल तर सोडवा, नाहीतर ती खोडात रुतते. खालून काही फुटलं असेल, तर ते कितीही देखणं असलं तरी खुडून टाका.