खारपाणपट्ट्यातला ठोका

हृदयविभागात नवी सिस्टर आली की मी तिला आधी मॉनिटर शिकवत नाही, ईसीजी काढायला लावते. बटण कुणालाही दाबता येतं. पण समोरचा माणूस भातकुलीकडून मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसून आलेला असतो, घामानं निथळत. त्या छातीवर लीड टिकत नाही. गॉजनं पुसायचं, केस असतील तर तेवढीच जागा साफ करायची, बरगड्या बोटांनी मोजायच्या, आणि हे सगळं आल्यापासून दहा मिनिटांच्या आत. तो मात्र म्हणत असतो, "काही नाही जी सिस्टर, ग्यास धरला मले." म्हाताऱ्या बाईंचं आणखी निराळं. मुलासमोर ब्लाउज काढायचा नसतो, आणि शुगर जुनी असेल तर बऱ्याचदा छाती दुखतच नाही. नुसता दम लागतो, जीव घाबरा होतो. मुलाला बाहेर काढून पडदा ओढला की काम दोन मिनिटांचं.

अटॅक हृदयाच्या खालच्या भिंतीचा दिसला, तर उजव्या बाजूचाही ईसीजी काढावा लागतो. अटॅकमध्ये उजवा कप्पाही सापडला असेल तर जिभेखालच्या सॉर्बिट्रेटनं बीपी धाडकन उतरतो, आणि ती गोळी गावातून निघतानाच कुणीतरी दिलेली असते. म्हणून कोणती गोळी, किती वाजता, हे आधी विचारायचं.

अमेरिकेत 1960च्या दशकाच्या सुरुवातीला कोरोनरी केअर युनिटं निघाली, तेव्हा फिलाडेल्फियात डॉ. लॉरेन्स मेल्ट्झर आणि नर्स रोझ पिनिओ यांनी सिस्टरांना ठोक्याची लय वाचायला आणि डॉक्टरची वाट न पाहता शॉक द्यायला शिकवलं. त्यात तात्त्विक काही नव्हतं. व्हीएफमध्ये, म्हणजे ठोक्याऐवजी हृदयाच्या नुसत्या थरथरीत, गेलेला पेशंट डॉक्टर जिना चढेपर्यंत थांबत नाही, एवढंच. आमच्या कामाचा दर्जा तिथून बदलला, असं मी मानते.

पण आमच्या भागात लय बिघडते ती दर वेळी हृदयामुळेच नाही. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलढाणा असा पसरलेला. विहिरीचं पाणी खारट, आणि किडनीचे पेशंट गावोगाव ओळखीचे. त्याचं नेमकं कारण तज्ज्ञ ठरवोत. मला वॉर्डात दिसतं ते पोटॅशियम. किडनी थकलेली, त्यात हृदयासाठी रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू, म्हणजे पोटॅशियम आधीच वर सरकलेलं. अशात पाहुणे पोटॅशियमनं भरलेली शहाळी घेऊन येतात. बीपी आहे म्हणून कुणी दुकानातून 'कमी सोडियमचं' मीठ आणतं, आणि त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. मग मॉनिटरवर टी लाट तंबूसारखी उंच होते, पी लाट पुसट होत जाते, ठोका रुंद आणि संथ पडतो. कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू, डोळा पडद्यावर ठेवून द्यायचं. त्यानं पोटॅशियम उतरत नाही, हृदय तेवढं सावरतं. उतरवायला इन्सुलिन आणि ग्लुकोज.

मे महिन्यात गणित उलटं. पारा 45च्या आसपास, पेशंट लघवी वाढवणाऱ्या लॅसिक्सवर, त्यात हगवण लागली की पोटॅशियम घसरतं आणि एक्स्ट्रा ठोक्यांची रांग लागते. डिगॉक्सिनवाल्याला तर हे फार महागात पडतं. त्याची नाडी मी मशीनवर सोडत नाही, पूर्ण एक मिनिट हातानं मोजते; साठच्या खाली गेली तर गोळी हातातच ठेवून आधी डॉक्टरांना फोन.

शहाळं नाकारताना मात्र माझी पंचाईत होते. प्रेमानं आणलेलं असतं, तेही भर उन्हात. मी ते नातवाला प्यायला लावते. डिस्चार्जच्या दिवशी सुनेला विचारते, पाणी विहिरीचं की नळाचं, मीठ कोणतं, भाजी कोण करतं. औषधांचा कागद मुलगा खिशात घालतो, पण स्वयंपाक सून करते. म्हणून पोटॅशियमच्या पुढच्या तपासणीची तारीख मी तिलाच सांगते.