हात वर जाईना तेव्हा

रथसप्तमीची सकाळ होती. साताऱ्याच्या थंडीत शाळेच्या मैदानावर दहिवर पडलं होतं आणि चारशे मुलं रांगा धरून उभी होती. सामूहिक सूर्यनमस्कारांचे आकडे देण्याचं काम दरवर्षी माझ्याकडे असे. ‘एक’ म्हणून हात जोडले. ‘दोन’ म्हटलं आणि उजवा हात वर गेला, डावा मात्र खांद्याच्या रेषेवरच अडला. अशी कळ आली की ‘तीन’ घशातच राहिला. शेजारच्या सरांनी माइक घेतला, पुढचे आकडे त्यांनी दिले. मी हात पोटाशी धरून व्यासपीठाच्या मागे जाऊन बसले. त्या वेळी मी अठ्ठेचाळीस वर्षांची होते, आणि तेवीस वर्षं शारीरिक शिक्षण शिकवत होते.

आमच्या घरात नमस्कार म्हणजे देवपूजेइतकी नित्याची गोष्ट. वडिलांचं बालपण औंधात गेलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले आणि स्वतः आयुष्यभर घातले. त्या गावातल्या मुलाला नमस्कार चुकवण्याची सोयच नव्हती. वडिलांनी आम्हा भावंडांना पहाटे उठवून अंगणात उभं केलं. घाम निघाला की व्यायाम झाला, असा साधा हिशेब होता. पुढे मी मैदानी खेळ खेळले, बी.पी.एड. केलं, नोकरीला लागले. रोज चोवीस नमस्कार, रविवारी एकशेआठ. ते संपले की टॉवेलनं तोंड पुसायचं आणि थेट स्वयंपाकघरात. आडवं होणं हे आजाऱ्यांचं काम, असं मी मनापासून मानत होते.

हाडांच्या डॉक्टरांनी निदान केलं, फ्रोजन शोल्डर. खांद्याच्या सांध्याभोवतीचं आवरण सुजतं, जाड होतं, आखडतं. चाळिशी ते साठीतल्या बायकांना हे जास्त होतं, मधुमेह असेल तर आणखी जास्त. सांधा आधी दुखतो, मग आखडतो, मग हळूहळू सुटतो, आणि या सगळ्याला एक ते तीन वर्षं लागू शकतात. “घाई करू नका,” असं त्यांनी दोनदा बजावलं.

मी घाई केली. दाराच्या चौकटीला हात लावून अंगाचा भार टाकायचा, दुखलं तरी ओढायचं, दात आवळून आकडे मोजायचे. मुलांना आयुष्यभर हेच सांगत आले होते, की दुखतंय म्हणजे बळ वाढतंय. तीन आठवड्यांत अशी अवस्था झाली की रात्री डाव्या कुशीवर वळता येईना आणि वेणी घालायला मुलीला हाक मारावी लागे.

फिजिओथेरपी सुरू झाली. भिंतीवर बोटांनी चढत जायचं, काठीच्या आधारानं हात उचलायचा. त्याच सुमाराला एका मैत्रिणीनं शाहूपुरीतल्या काकूंचं नाव सुचवलं. काकू सत्तरीच्या. तरुणपणी पुण्यात राहत असताना त्या रमामणी अय्यंगार स्मृती योग संस्थेत शिकल्या होत्या. घराच्या वरच्या मजल्यावर त्यांचा छोटा वर्ग. समोर खिडकीतून अजिंक्यतारा दिसे. भिंतीला दोऱ्या, कोपऱ्यात लाकडी ठोकळे, पट्टे, घडी घातलेली ब्लँकेटं, लोडासारखे बोल्स्टर आणि पाठ काढून टाकलेल्या लोखंडी खुर्च्या.

पहिल्या दिवशी मी काय काय करू शकते हे सांगायला सुरुवात केली. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “बरं. आता झोप बघू.”

पाठीवर निजायचं, पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर. डोक्याखाली ब्लँकेटची घडी, हनुवटी किंचित छातीकडे. दुखऱ्या हाताखाली आणखी एक घडी, म्हणजे खांदा लोंबकळणार नाही. डोळ्यांवरून क्रेप बँडेजचा सैल वेढा. आणि वीस मिनिटं काहीही करायचं नाही. मला वाटलं, सोपं आहे. दोन मिनिटांत मनात तिमाहीच्या गुणांचे तक्ते आले, गॅसची टाकी आली, मुलीची फी आली. छातीत धडधडायला लागलं. “काकू, मला हे जमत नाही,” मी म्हटलं. “जमवायचं नाहीच आहे,” त्या म्हणाल्या. “मन जाणारच. कुठं गेलं ते कळलं की त्याला टाचेपाशी परत आण. त्याच्यावर रागावू नकोस.”

टाचेपाशी का? कारण टाच जमिनीला टेकलेली असो वा खुर्चीला, ती आत्ता, इथंच असते. उजवी टाच जड लागते की डावी, तिचा आतला भाग टेकलाय की बाहेरचा, एवढंच बघायचं. मग श्वास. बाहेर जाणारा श्वास थोडा लांबू द्यायचा, ढकलायचा नाही. काकूंनी मला मनगटावर बोट ठेवून नाडी बघायला लावली. श्वास घेताना ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना संथ. तेवीस वर्षं मुलांच्या नाड्या मोजल्या, धावण्याआधी आणि धावल्यानंतर. एका श्वासातही नाडी बदलते, हे स्वतःच्या मनगटावर कधी पाहिलं नव्हतं.

महिनाभरानं त्यांनी मला उभं केलं. दुसरं वीरभद्रासन, मागची टाच भिंतीला दाबून. दुखरा हात कमरेवर, उजवा पसरलेला. पुढची मांडी थरथरायला लागली आणि मला बरं वाटलं, हा माझ्या ओळखीचा प्रांत होता. काकू समोर येऊन उभ्या राहिल्या. मांडीकडे त्यांनी पाहिलंच नाही.

“बळ पायात हवं. जबड्यात कशाला लावलंयस?”

जबडा आवळलेला होता. जीभ टाळूला चिकटली होती. खांदे कानाकडे चढले होते आणि श्वास रोखलेला होता. मी जबडा सोडला. जीभ खाली आली, पाठोपाठ खांदे उतरले. आणि मांडीला काहीच झालं नाही. ती तितकीच भक्कम उभी होती. म्हणजे जबड्यातलं ते सगळं बळ इतकी वर्षं कुणाच्याच उपयोगाचं नव्हतं.

त्या दिवसानंतर ती आवळलेली पकड मला जागोजागी सापडू लागली. पोळ्या लाटताना खांदे वर. गाडीवर सिग्नलला थांबले असताना हँडल करकचून धरलेलं. वर्गात ओरडण्याआधी रोखलेला श्वास. रात्री गादीवर पडल्यावरसुद्धा मान उशीपासून बोटभर उचललेली. थकवा कष्टांमुळे येतो असं मी समजत होते. त्यातला निम्मा थकवा कष्ट संपल्यावरही पकड न सोडल्याचा होता.

पतंजलींनी आसनाबद्दल जेमतेम तीन सूत्रं लिहिली. पहिल्यात स्थैर्य आणि सुख शेजारी-शेजारी ठेवलं, आणि लगेच पुढच्यात प्रयत्न सैल करायला सांगितला. हठयोगप्रदीपिकेत शवासन आहे ते थकवा घालवण्यासाठी आणि चित्ताला विसावा देण्यासाठी. परीक्षेसाठी हे मी पाठ केलं होतं, गुणही मिळवले होते. लोणावळ्याला 1924 साली कैवल्यधाम काढणारे स्वामी कुवलयानंद मुळात बडोद्याच्या माणिकरावांच्या आखाड्यात तयार झालेले व्यायामपटू. बळाच्या वाटेनं निघालेला माणूस योगाकडे वळला आणि त्यानं आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासले, हेही मुलांना सांगत आले होते. सांगणं आणि अंगात उतरणं यांत मात्र खूप अंतर होतं.

एकदा मी चिडून विचारलं, “काकू, पुन्हा पहिल्यासारखं कधी होणार?” त्या ज्यांच्या संस्थेत शिकल्या, त्या अय्यंगार गुरुजींची गोष्ट त्यांनी सांगितली. 1979 मध्ये, साठीत, स्कूटरच्या अपघातात त्यांना मोठी दुखापत झाली. हातखंडा असलेली आसनं जमेनाशी झाली, आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. “ते पहिल्यापासून करू शकतात,” काकू म्हणाल्या, “तर तुला-मला लाज कसली?”

माझा हात पूर्ण वर जायला सव्वा वर्ष लागलं. खांदा योगानं बरा झाला असं मी म्हणणार नाही. औषध, फिजिओथेरपी आणि काळ, तिघांचं ते काम होतं. योगानं मला त्या काळात थांबायला शिकवलं, आणि भारही कसा घ्यायचा ते शिकवलं. कारण काकूंनी मला नुसतं निजवून ठेवलं नाही. दर आठवड्याला उभ्या आसनांचा वेळ वाढवला, भिंतीला हात टेकून खांद्यावर थोडं थोडं वजन घ्यायला लावलं. नुसती विश्रांती घेतली असती तर स्नायू ढिले पडले असते, नुसता जोर लावला असता तर सांधा आणखी चिडला असता. किती लावायचं आणि किती सोडायचं हे त्या दिवशीच्या शरीराला विचारून ठरवायचं, आणि विचारायचं तर आधी तिथं हजर असायला हवं.

आता मी रोज बारा नमस्कार घालते, प्रत्येक स्थितीत एक पूर्ण श्वास थांबून. मग भिंतीशी दोन उभी आसनं. शेवटी दहा मिनिटं शवासन, आणि ते कोणत्याही कारणानं वगळत नाही. शवासनातून उठताना उजव्या कुशीवर वळून दोन श्वास थांबते.

शाळेतही एक बदल केला. पी.टी.च्या तासाची शेवटची पाच मिनिटं शवासनाची. सुरुवातीला मुलं हसली, एकमेकांना चिमटे काढत राहिली. नंतर ती स्वतःच आठवण करून द्यायला लागली, “बाई, झोपायचं राहिलं.” सातवीतला एक मुलगा पहिल्या मिनिटातच गाढ झोपी जायचा. आधी मी त्याला हलवून उठवायचे. मग कळलं, तो पहाटे साडेचारला उठून दुधाच्या पिशव्या टाकतो आणि मग शाळेत येतो. आता घंटा झाली तरी मी त्याला लगेच उठवत नाही. बाकीची मुलं त्याच्या बाजूनं पाय न वाजवता जातात.

तुम्ही व्यायाम करत असाल तर तो सोडू नका, बळ लागतंच. फक्त उद्या नमस्कार घालताना एकदा थांबून जबड्याकडे लक्ष द्या, आणि शेवटचा नमस्कार झाल्यावर लगेच टॉवेल उचलू नका. दहा मिनिटं जमिनीवर पाठ टेका. ती दहा मिनिटं व्यायामातच धरा.