थकव्याचा हिशेब

खालापूर तालुक्यात खोपोलीचे आणि कर्जत तालुक्यात भिवपुरीचे, अशी दोन जुनी वीजघरे आहेत. खोपोलीचे १९१५ साली सुरू झाले. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली येते, चक्रे फिरवते. त्या विजेवर एकेकाळी मुंबईच्या गिरण्या चालत. माझे माहेर खोपोलीचे, सासर कर्जतचे. त्यामुळे ‘ऊर्जा’ हा शब्द मी डोंगरउतारावरील त्या नळांकडे पाहत शिकले. आमवात जडल्यावर तोच शब्द रक्ताच्या संदर्भात पुन्हा भेटला.

गेली सात वर्षे माझे रक्त नियमित तपासले जाते. अहवालात आधी दोन आकडे पाहतात. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत तांबड्या पेशी तासाभरात किती मिलिमीटर खाली बसल्या, ते माप. सीआरपी हे यकृतात तयार होणारे, दाहाबरोबर वाढणारे प्रथिन. औषधांनी दोन्ही आकडे उतरले, बोटांची सूज ओसरली. थकवा मात्र राहिला. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण होते, म्हणून चार वाजता स्वयंपाकाला लागावे लागे आणि नेमके तेव्हाच अंगातील त्राण संपलेले असे. “रिपोर्ट तर चांगला आहे, मग आता काय होतंय?” हा प्रश्न मायेनेच विचारला जाई. उत्तर नसल्याने मी गप्प राहू लागले.

वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या भाचीने एक वाट दाखवली. पेशीतील तंतुकणिका ऑक्सिजनच्या साहाय्याने ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऊर्जेची सुमारे तीस नाणी मिळवतात. ऑक्सिजनविना दोनच मिळतात, पण झटपट. तांबड्या पेशीत तंतुकणिका नसतात. ती सुमारे १२० दिवसांचे आयुष्य त्या दोन नाण्यांवरच काढते. दाहाशी झुंजणाऱ्या अनेक पांढऱ्या पेशीही झटपट मार्गाकडे वळतात आणि ग्लुकोज भराभर खर्च करतात. म्हणून रक्तपेशी किती ऑक्सिजन वापरतात, हे मोजून आजाराची तीव्रता ओळखता येईल का, यावर संशोधन चालू आहे. सेप्सिससारख्या गंभीर अवस्थेत ही क्षमता घटल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. नेहमीच्या अहवालात हा आकडा अजून येत नाही.

माझ्या थकव्याचे कारण हेच, असे भाचीने म्हटले नाही. रक्तक्षय, थायरॉइड, अपुरी झोप, मनावरील ताण यांचीही तपासणी करण्यास तिने बजावले. मात्र सूज उतरली तरी शरीराचा जमाखर्च लगेच जुळतोच असे नाही, हे घरातील सर्वांना उमगले. सासूबाईंनी फारसे न बोलता सायंकाळची कणीक स्वतः भिजवायला घेतली.

वाचक भगिनींनो, घरातील रुग्णाचा अहवाल वाचून झाल्यावर आणखी एक विचारावे: दुपारनंतर अंगात किती बळ उरते? महिनाभर ते उत्तर तारखेसह वहीत लिहावे आणि अहवालाबरोबर ती वहीही डॉक्टरांपुढे ठेवावी.