शंभर वॅट आणि आमचा टापू

डाळिंबाच्या छाटणीवर लिहितो म्हणालो होतो, ते पुढच्या खेपेला. आज रेडिओवर लिहितोय. काही जण म्हणतील, पेजवर शेतीचं सोडून हे काय. पण हा शेतीचाच विषय आहे, वाचा आणि मग बोला.

पहिलं म्हणजे, "आता रेडिओ ऐकतंय कोण?" हा प्रश्न विचारणारा माणूस दारं धरत नसतो. फवारणीचा पंप पाठीवर असतो, हाताला औषध लागलेलं असतं, धार काढताना दोन्ही हात गुंतलेले असतात. तेव्हा मोबाईलवरचा व्हिडिओ बघता येत नाही, कान मात्र रिकामाच असतो. माझा दोन सेलचा ट्रान्झिस्टर आजही गोठ्यात खुंटीला आहे.

आमचे आण्णा सांगलीचं केंद्र लावायचे. १९६३ सालचं ते केंद्र, मिडियम वेव्हवर १२५१. सुई एकदा तिथं बसली की दुसऱ्या कुणी हलवायची नाही, असा घरात नियमच होता. संध्याकाळचा शेतकऱ्यांचा कार्यक्रम, बाजारभाव, हवामान, मग जेवण. मिडियम वेव्हचं एक बरं होतं, डोंगर आडवा आला तरी आवाज जमिनीला धरून लांबपर्यंत यायचा. आता आमच्याकडं त्या पट्ट्यावर खरखरच जास्त. त्यातली बरीचशी आपणच घरात आणलेली आहे बरं का. स्वस्तातला एलईडी बल्ब, मोबाईलचा चार्जर बंद करून बघा, आवाज जरा सुधारतो. पण देशभरात जुने मिडियम वेव्हचे ट्रान्समीटर टप्प्याटप्प्यानं बंद होत चाललेत, आणि आता सगळा भर एफएमवर आणि मोबाईलच्या ॲपवर आहे, हेही खरं. एफएमचा आवाज काचेसारखा स्वच्छ, पण तो सरळ रेषेत जातो. महादेवाची डोंगररांग मध्ये आली की संपला.

२०२३ साल रेडिओच्या बाबतीत लई घडामोडींचं गेलं. मे महिन्यात ऑल इंडिया रेडिओ हे नाव सोडून सगळीकडं आकाशवाणीच म्हणायचं ठरलं. आपण कधी दुसरं काही म्हणत होतो का? मग जूनमध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा निर्णय आला. ओरड झाली, सगळ्या पक्षांचे लोक बोलले, आणि त्यावेळचे केंद्रीय मंत्री अनुराग ठाकूर यांनी त्याला स्थगिती दिली. बरं झालं. पण त्या निर्णयामागचा विचार काय होता ते बघा. बातम्या कुठूनही वाचल्या तरी ऐकणाऱ्याला काय फरक पडतो, असाच ना?

त्याच वर्षी २८ एप्रिलला पंतप्रधानांच्या हस्ते देशात १०० वॅटचे ९१ एफएम ट्रान्समीटर सुरू झाले. जिथं काहीच ऐकू येत नव्हतं तिथं आवाज पोचला, चांगलंच आहे. पण हे ट्रान्समीटर दुसरीकडं तयार झालेला कार्यक्रम पुढं ढकलतात. मशीन आपल्या भागात, बोलणारा माणूस बाहेरचा.

त्यानं काय बिघडतं, ते आमच्या जिल्ह्याकडं बघितल्यावर कळेल. सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, आणि त्याच जिल्ह्यातल्या आमच्या माण तालुक्यात पाचशेच्या आत. कागदावर जिल्हा एक. दोन वर्षांमागं मे महिन्यात आमच्या भावकीतल्या एकाचा कांदा काढून वावरात पडला होता. एका वाहिनीवर रोज ऐकायला यायचं, सातारा जिल्ह्यात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस. त्यानं तीन दिवस चार बाया लावून, भाड्यानं ताडपत्री आणून कांदा झाकला. पाऊस झाला, पण पाटणकडं. अंदाज खोटा नव्हता. चौथ्या दिवशी ऊन बघून कांदा उघडा केला, आणि दुपारी तीनला आमच्याच शिवारात वळीव कोसळला. त्या दिवशीही वाहिनीवर तुरळकच होतं. भिजलेला कांदा चाळीत टिकत नाही, पडेल त्या भावाला दिला. मजुरी गेली, ताडपत्रीचं भाडं गेलं, कांदाही गेला.

डाळिंबाचं तर याहून नाजूक. तेल्याला पाऊस आणि दमट हवा म्हणजे मेजवानी. औषध मारल्यावर तासाभरात सर आली तर सगळं धुऊन जातं, आणि पाऊस उघडल्यावर उशीर झाला तर रोग पुढं निघून जातो. आम्हाला चार-सहा तासांचा आणि चार-सहा गावांचा अंदाज लागतो.

कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती, देशात १९९. तालुक्यापुरता सल्ला द्यायचा हे त्यांचं काम. २०२४ च्या मार्चअखेर ती बंद केली. म्हणजे आवाजही लांबचा झाला आणि त्या आवाजाला सांगायला जी गावची माहिती होती तीही आटली. या दोन्हींचा एकत्र विचार कुणी केलेला दिसत नाही. कृषी विद्यापीठातली मंडळी हे पेज वाचतात, त्यांनी यावर जरूर लिहावं.

आता दुसरी बाजू. आमच्या म्हसवडला माणदेशी तरंग आहे, ९०.४ वर, २००८ पासून. सामुदायिक रेडिओ. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचीही अशीच शारदा कृषी वाहिनी आहे. यांचीही ताकद तेवढीच, १०० वॅट. पल्ला दहा-पंधरा किलोमीटर, टेकडी आडवी आली की त्याहून कमी. पण तिथं मशीनही इथलं आणि माणूसही इथला. निवेदन करणाऱ्या ताई आमच्याच बोलीत बोलतात, त्यांना पाझर तलाव कुठला आणि नालाबांध कुठला हे सांगावं लागत नाही. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, आकाशवाणीच्या आहेत तशा लावता येतात. हवामान, बाजारभाव, गावची माहिती मात्र देता येते. जाहिरातीची मर्यादा तासाला ७ मिनिटांवरून १२ मिनिटांवर नेलीय. खर्च भागायला ते गरजेचंच आहे, फक्त त्या बारा मिनिटांत टॉनिकवाल्यांनी घर करू नये म्हणजे मिळवली.

नवा फोन घेणार असाल तर दुकानात आधी एफएम आहे का विचारा. २०२३ मध्ये सरकारनं कंपन्यांना फोनमधला एफएम बंद ठेवू नका असं सांगितलंय, तरी बऱ्याच फोनमध्ये तो मिळत नाही. असला तरी वायरचा हेडफोन लावावा लागतो, ती वायरच एरियल असते. ॲपवरच्या रेडिओला रेंज लागते, आणि वळीव आला की आमच्याकडं सगळ्यात आधी वीज जाते, मागोमाग रेंज.

पुढच्या आठवड्यात खत आणायला म्हसवडला जायचंय, तेव्हा तरंगच्या केंद्रावर जाणार आहे. रोज सकाळी गावोगावचा कालचा पाऊस सांगता येईल का, एवढंच विचारायचं आहे. महसूल मंडळाचं स्वयंचलित यंत्र एका ठिकाणी असतं, पाऊस दुसऱ्याच शिवारात पडतो. माझ्या वावरात साधं पर्जन्यमापक आहे, मी रोज सातला आकडा वहीत लिहितो, तो द्यायला तयार आहे. वरकुटे, दिवड, धुळदेव, देवापूर, पळशी या बाजूला कुणाकडं मापक असेल तर गावाचं नाव कळवा. नसेल त्यानं दोन-तीनशे रुपयांचं प्लॅस्टिकचं आणलं तरी चालेल, फक्त झाडाखाली आणि पत्र्याच्या कडेला लावू नका.