तीन विजय

हजेरीपट हा शिक्षकाच्या दृष्टीने शाळेतील सर्वांत गंभीर ग्रंथ होय. त्यात नाव जसे एकदा चढते, तसेच ते वर्षभर पुकारले जाते, पुष्कळदा जन्मभर. यंदा शाळा सुरू झाली त्या दिवशी दहा वर्षांचा एक मुलगा माझ्या मेजाशी येऊन हळूच म्हणाला, "सर, माझे नाव 'व्हिक' असे लिहाल का? विजय कोणाला नीट म्हणताच येत नाही." माझी लेखणी थबकली. कारण माझेही नाव विजय, आणि याच ख्राइस्टचर्चमध्ये शिकत असताना तीन वर्षे मीही 'व्हिक' होतो.

एके दिवशी मित्राने दारातून मला त्या नावाने हाक मारली, ती वडिलांच्या कानी पडली. ते रागावले नाहीत. रात्री जेवणे आटोपल्यावर एवढेच म्हणाले, "तुझे नाव मी कोठून घेतले, ते तुला सांगायचे राहूनच गेले." वडील क्रिकेटचे मोठे भोक्ते. त्या रात्री त्यांनी मला तीन विजयांची गोष्ट सांगितली.

पहिले विजय मर्चंट. जन्म १९११ चा, मुंबईतला. घराण्याचे नाव ठाकरसी. परंतु शाळेत बाईंनी नाव विचारता विचारता वडिलांचा व्यवसायही विचारला, आणि 'मर्चंट' हे उत्तर आडनाव म्हणून लिहिले गेले, असे सांगतात. आपणांस यात नवल ते काय? १८३४ पासून मॉरिशसला आणि १८७९ पासून फिजीला आपले पूर्वज गिरमिटावर गेले, तेव्हा कारकुनाच्या कानाला जे जसे ऐकू आले, तसे ते कागदावर उतरले. पणजोबांचे पाळण्यातले नावच आपल्यापैकी कित्येकांचे आडनाव होऊन बसले आहे. मर्चंटांनी ते आगंतुक आडनाव टाकले नाही, त्याला प्रतिष्ठा दिली. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांची सरासरी ७१.६४ धावांची, थोर फलंदाजांत त्यांच्यापुढे एकटे ब्रॅडमन.

दुसरे विजय हजारे. जन्म १९१५ चा, सांगलीचा, धर्माने ख्रिस्ती. त्या काळी मुंबईत पंचरंगी सामने होत आणि संघ धर्मावरून पडत. हिंदू, पारशी, मुसलमान व युरोपियन यांत जे बसत नसत, त्यांचा 'रेस्ट' नावाचा पाचवा संघ असे, हजारे त्यात. १९४३ च्या अंतिम सामन्यात हिंदूंकडून मर्चंटांनी नाबाद २५० धावा काढल्या. फॉलोऑन मिळालेल्या 'रेस्ट'ने ३८७ केल्या. त्यांपैकी ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! सामना हिंदूंनी डावाने जिंकला खरा. पण लोकांच्या स्मरणात दोन विजय राहिले. हिंदू घरात आणि ख्रिस्ती घरात बाळाच्या कानात एकच नाव सांगितले गेले होते, ही गोष्ट आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत मी मुद्दाम नोंदवीत आहे. पुढे १९५१ मध्ये दिल्लीस इंग्लंडविरुद्ध हे दोघे एकाच संघातून खेळले. मर्चंट १५४, कर्णधार हजारे नाबाद १६४! मर्चंटांचा तो अखेरचा कसोटी सामना.

त्याच मालिकेत कलकत्त्यास तिसऱ्या विजयाने पदार्पण केले. वीस वर्षांचा विजय मांजरेकर. पुढल्या वर्षी इंग्लंडात लीड्स येथे भारताचे ४२ धावांत तीन गडी बाद झाले असता मांजरेकरांनी १३३ व हजाऱ्यांनी ८९ धावा काढून २२२ धावांची भागी केली. आणि दुसऱ्या डावात? फळ्यावर एकही धाव लागण्यापूर्वी चार गडी बाद! त्या चौघांत मांजरेकर होते. हजाऱ्यांनी ५६ धावा करून लाज राखली. सामना मात्र हातचा गेला.

या तिघांपैकी कोणीही आपल्या या देशात कसोटी सामना खेळला नाही. भारताचा पहिला कसोटी दौरा येथे १९६८ साली आला. तोवर तिघेही निवृत्त झाले होते. परंतु मांजरेकरांनी निरोप घेतला तो न्यूझीलंडविरुद्धच, १९६५ साली मद्रासला. अखेरच्या कसोटी डावात नाबाद १०२ धावा काढून.

वडिलांनी गोष्ट संपविली. उपदेश केला नाही. मित्रांना खरे नाव सांगावयास मला आणखी पंधरा दिवस लागले. तेवढे धैर्य मला एका रात्रीत आले नाही, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून त्या मुलालाही मी आज्ञा केली नाही. नाव त्याचे, निवडही त्याचीच. हजेरीपटातील जागा कोरी ठेविली, तीन विजयांची गोष्ट त्याला सांगितली आणि म्हटले, "सोमवारी सांग."

सोमवारी तो आला आणि त्याने विचारले, "सर, तो शून्यावर बाद झालेला विजय पुढे खेळला का?"

"तेरा वर्षे," मी म्हणालो. "पंचावन्न कसोटी सामने, सात शतके."

तो क्षणभर उभा राहिला. मग म्हणाला, "तर मग विजयच लिहा. वर्गाला कसे म्हणायचे ते मी शिकवीन."