धावणे आणि थांबणे

रावेरच्या एका गृहस्थांना धावण्याची फार आवड. उजाडण्यापूर्वी ते केळीच्या बागांमधील वाटेने निघत आणि सातपुड्यावर ऊन पसरण्याच्या आत घरी परतत. शर्यत जिंकण्याची त्यांना हौस नव्हती. धावण्यातला आनंदच त्यांना पुरेसा होता.

एके दिवशी त्यांचा घोटा मुरगळला. डॉक्टरांनी विश्रांती घेण्यास सांगितले. परंतु चौथ्याच दिवशी ते हट्टाने धावले आणि दुखणे दुणावले. मग मनही खचले. 'आता हे आपल्याच्याने होणे नाही,' असे म्हणून त्यांनी पहाटे उठणेच सोडले.

पुढे एकदा ते बागेच्या बांधावर बसले असता शेतकऱ्याने त्यांना घड कापून घेतलेली केळ दाखविली. तिच्याच कंदातून नवे पील वर येत होते. "भाऊ, याला घाई चालत नाही अन् हयगयही चालत नाही," तो म्हणाला.

गृहस्थांना ते पटले. थकल्या स्नायूंची झीज विसाव्यातच भरून निघते. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे धावपटू अविनाश साबळे यांचेच पाहा. २०१८ साली घोट्याच्या दुखापतीमुळे त्यांची आशियाई स्पर्धा हुकली. परंतु त्याच वर्षी भुवनेश्वर येथे ३००० मीटर स्टीपलचेस शर्यतीत त्यांनी १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

घोटा बरा होईपर्यंत गृहस्थ धावले नाहीत. मात्र पहाटे उठून त्या वाटेपर्यंत सावकाश चालत जाण्याचा नेम त्यांनी चुकविला नाही. म्हणूनच पुढे एके सकाळी त्यांची पावले आपोआप धावू लागली. मुलांनो, वेळीच थांबणे आणि नेम न सोडणे ज्याला साधले, त्यालाच दूरवर धावता येते.